तपासून सोडलेले मासे

२ फेब्रुवारी, रविवार

केमिस्टच्या गळाला वाकडा मासा लागला. जानेवारीपासूनचा हा चौथा. पहिल्याच्या कल्ल्यावरची एक झाकणी नव्हती, दुसऱ्याचं शेपूट वर उचललेलं, तिसऱ्याचा जबडा एका बाजूला गेलेला. आजच्याचा तर कणाच नागमोडी. क्लबातल्या सगळ्यांनी फोटो काढले आणि चहा प्यायला निघून गेले. कॅप्टन म्हणाले, सोडून द्या बिचाऱ्याला. (कॅप्टन म्हणजे आमच्या मासेमारी क्लबचे अध्यक्ष. सैन्यात कधीच नव्हते. शाळेत क्रिकेटच्या टीमचे कॅप्टन होते, तेवढ्यावर आयुष्य काढलं.) मी सेक्रेटरी या नात्याने मासा ताब्यात घेतला आणि बादलीत घालून घरी आणला.

नदीच्या वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आहे. दुसरं कारण असूच शकत नाही. मी प्राणिशास्त्राची बी.एस्सी. आहे आणि एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. खोटं माप मला दुकानाच्या पायरीवरून ओळखू येतं.

संकल्प : पंधरा दिवसांत फाइल पूर्ण करायची. वीस तारखेला लेकीकडे जायचं. तिचे दिवस भरायला दीड महिना आहे आणि डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. दोन्ही कामं आरामात बसतात.

मासा बाथटबात सोडला. ह्यांनी विचारलं, आंघोळ कुठे करायची. बेसिनपाशी उभं राहूनही माणूस स्वच्छ होऊ शकतो, हे त्यांना समजावलं.

३ फेब्रुवारी

माशाचं वजन : ५२० ग्रॅम. लांबी २७ सें.मी., वाकडा असताना. सरळ केला तर पट्टी पुरणार नाही. सरळ करून पाहिला. होत नाही.

पट्टी तीच, स्टीलची, खात्याची. लेक अभ्यासाला पोक काढून बसायची तेव्हा हीच तिच्या फ्रॉकच्या पाठीत खोचून ठेवत असे. आता तिची पाठ दुखते म्हणते. पण दिसायला सरळ आहे. त्याचं श्रेय कोणी देत नाही.

मासा टबात सतत डावीकडून फेऱ्या मारतो. कण्याचा बाक त्या बाजूला आहे. मध्येच थांबून माझ्याकडे पाहतो.

५ फेब्रुवारी

वजन : ५१५.

हे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांना फाइलसाठी माशाचं चित्र काढायला बसवलं. सकाळभर टबाच्या कडेला स्टूल टाकून बसले होते. माशाला पाहुणे म्हणतात. चित्र उत्तम आलं, हे मान्य करायला हवं. पोटाखालचा डावा पर नाही, हेही त्यांनी बरोबर टिपलं. मग म्हणाले, हा पर असा सरळ रेषेत कापल्यासारखा का संपतो? मी सांगितलं, विषाचा परिणाम. जुने फोटो काढून पाहिले. चौघांचाही तोच पर नाही! चारपैकी चार. फाइलीत लाल शाईने लिहिलं.

हे काहीतरी बोलणार होते. मग पेन्सिलीला टोक काढत बसले.

८ फेब्रुवारी

वजन : ५०५. खाणं नीट आहे. दोन वेळा पिठाच्या गोळ्या आणि बिस्किटांचा चुरा, तराजूवर तोलून.

शेजारच्या वकिलांची मांजर बाथरूमपर्यंत आली होती. दाराला बाहेरून कडी बसवली. सुतार दोन दिवसांनी येतो म्हणाला, म्हणून स्वतःच बसवली. जरा सैल बसली आहे, आपोआप खाली पडते. पण मांजरीसाठी पुरे.

लेकीचा फोन आला होता. ह्यांच्याशी बराच वेळ बोलली. खिदळण्याचाही आवाज आला. मग मला दिला. मी विचारलं, वजन किती वाढलं? ती म्हणाली, "आई, बाबा आले तरी पुरे." पोर समजूतदार आहे. माझ्यामागे फाइलीचं काम आहे हे तिच्या लक्षात आलंय, मला ओढाताण नको म्हणून म्हणाली. ह्यांना आधी पाठवून देईन, मी फाइल संपवून मागाहून जाईन. तसं कळवलं. तिकडून उत्तर आलं नाही. लाइन खराब असावी.

९ फेब्रुवारी, रविवार

क्लबची मीटिंग. केमिस्ट म्हणतो, आज नदीतून अकरा मासे निघाले, अकराही सरळ, पर जागच्या जागी. मग विष या चौघांनाच कसं बाधलं? अशा प्रश्नांना काय उत्तर देणार? दुकानात एक खोटं माप सापडलं की खरी मापं कोणी मोजत बसतं का? सरळ मासे पुराव्यात धरायचे नाहीत, असा ठराव मांडला. अनुमोदन मिळालं नाही, पण विरोधही झाला नाही. सगळे बुटांकडे पाहत होते.

याच लोकांना मासे दिले कोणी? तीन वर्षांपूर्वी नदीत मासा उरला नव्हता, तेव्हा चारशे पिल्लं मी वाढवली. याच टबात आणि गच्चीवरच्या पिंपांत. कॅप्टन तयार खाद्य आणू म्हणत होते, केमिस्ट कसलीशी व्हिटॅमिनची पावडर फुकट देत होता. माशांना टॉनिक! मी असले लाड चालू दिले नाहीत. पीठ आणि बिस्किटांचा चुरा, दिवसातून दोनदा, मोजून. सोडताना प्रत्येकाचा पोटाखालचा डावा पर शिवणाच्या कात्रीने उडवला. तपासलेल्या मापावर खात्याचा शिक्का असतो, तसा. हे एकेक मासा धरून ठेवत होते, मी कापत होते. (तो पर महिन्याभरात पुन्हा उगवतो. कुठेतरी वाचलेलं आहे.)

नदीच्या पायऱ्यांवर माझ्या सहीची पाटीही आहे : ‘येथील मासे तपासून सोडलेले आहेत.’

पाटीचा रंग उडालाय. रंगवून घ्यायची.

१२ फेब्रुवारी

वजन : ४९०.

वीज गेली. टबात हवा सोडणारा पंप बंद. वीज येईपर्यंत मग्याने पाणी उंचावरून टबात ओतत होते. हात भरून आले. ह्यांनी मदत करू का विचारलं. त्यांचा हात सैल आहे, पाणी एका लयीत पडत नाही. नको म्हटलं.

तीन ठिकाणी अर्ज पाठवले. वर्तमानपत्राने माझं पत्र फोटोसकट छापलं. कारखान्याच्या मॅनेजरचंही पत्र आलं. कधीही या, आमचं पाणी तपासा, म्हणतो. हा उघड दबाव आहे. गेले नाही.

१५ फेब्रुवारी

हे लेकीकडे गेले. बॅग मी भरली. तळाशी बाळाचा वजनकाटा ठेवला, आजच प्रमाणित करून आणलेला. शिवाय वजनाचा तक्ता, पहिल्या वर्षाचा, आखलेला. हे म्हणाले, बॅग जड झाली. मी म्हटलं, उपयोगाची वस्तू जड नसते.

निघताना टबापाशी गेले आणि माशाला म्हणाले, येतो हं पाहुणे. मला म्हणाले, जेवत जा वेळेवर.

चाळीस वर्षं माझंच घड्याळ बघून जेवलेला माणूस!

१७ फेब्रुवारी

वजन : ४८०. माझं : दीड किलोने कमी. मोजण्यात चूक असावी.

घर शांत आहे. कामाला उत्तम. वीज कधी जाईल नेम नाही, त्यामुळे बाहेर पडता येत नाही. भाजीसुद्धा खिडकीतून दोरीला पिशवी सोडून घेतली. भाजीवाल्याने विचारलं, पाय मोडलाय का? मी सांगितलं, मासा आहे.

हे फोनवर म्हणाले, तिच्या पाठीला तेल लावून देतो, बरं वाटतं तिला. काटा नीट चालतो का विचारलं. हो हो म्हणाले. दोनदा हो म्हणण्याची त्यांना सवय नाही.

२० फेब्रुवारी

आज लेकीकडे जायचं होतं. मत्स्य विभागाने कळवलंय की त्यांच्या बाई या आठवड्यात कधीही येतील. कधीही! सरकारी माणसाने अशी भाषा वापरावी? पुरावा सोडून मी कशी जाणार? लेकीला कळवलं की माझी फार वाट पाहू नकोस. नाही पाहत म्हणाली. बरं झालं, तिच्यावर ताण नको.

बूट ठेवायचं कपाट आवरताना सर्वांत खालच्या खणात, जुन्या छत्रीमागे, वजनकाटा सापडला. तक्ताही. हे विसरले असणार. विसरभोळेपणा वाढत चाललाय.

विसरलेली वस्तू छत्रीमागे कशी गेली, याचा विचार नंतर करीन.

२४ फेब्रुवारी, सोमवार. बाथरूममधून.

सकाळची वजनाची नोंद करायला ही वही घेऊन आत आले. वाऱ्याने दार आपटलं. बाहेरची कडी पडली.

कडी चांगली बसली आहे, हे निदान सिद्ध झालं.

थोड्या वेळाने

हाका मारल्या. वकिलांची मांजर आली. बाहेर बसली आहे.

माशाचं वजन : ४७०. पाहुण्याचं. आज तो कमी फिरतोय.

आणखी थोड्या वेळाने

झरोक्यातून बाहेर डोकं काढता येईल का, हे मोजून पाहिलं. डोकं जाईल. खांदे जाणार नाहीत. प्रयत्न केला, नुसतं डोकंच बाहेर राहिलं. समोरच्या इमारतीतल्या एका बाईने पाहिलं आणि पडदा ओढला.

टबाच्या कडेवर बसले आहे. मासा डावीकडून येतो, मला ओलांडतो, पुन्हा डावीकडून येतो. त्याला तरी काम आहे.

दुपार

लेक लहान असताना दर रविवारी तिचं वजन करत असे. तेव्हा ती याच बाथरूमला आतून कडी लावून बसायची. मी बाहेर घड्याळ घेऊन उभी राहायचे. शेवटी बाहेर यावंच लागायचं. भूक लागतेच. मी बाहेरून म्हणायचे, किती वेळ बसशील?

आतून किती वेळ वाटतो, ते आज कळतंय. बराच वाटतो.

दाराच्या आतल्या बाजूला, खाली, तिच्या खांद्याच्या तेव्हाच्या उंचीवर, पेन्सिलीने ओढलेल्या उभ्या रेघा आहेत. दर रविवारी एक ओढत असावी. या दाराला आतून रंग द्यायचं राहूनच गेलं.

मोजल्या नाहीत.

संध्याकाळ, बाहेर, खुर्चीवर

सगळं क्रमाने लिहिते. उगाच गैरसमज नकोत.

बेल वाजली. मी आतून ओरडले. जिन्यात बोलण्याचा आवाज झाला आणि थोड्या वेळाने दार उघडलं गेलं. आमच्या घराची किल्ली कॅप्टनकडे होती. हे जाताना ठेवून गेले होते, मला न विचारता. कॅप्टनबरोबर मत्स्य विभागाच्या बाई. वयाने लेकीएवढ्या, खांद्याला पिशवी. पाहणी अशी बाथरूममध्येच झाली. माझे केस झरोक्यामुळे विस्कटलेले, पदर भिजलेला. तरी मी फाइल आधी दिली.

बाईंनी फाइल कॅप्टनच्या हातात दिली आणि बाही वर करून टबात हात घातला. मासा त्यांच्या तळव्यावर शांत पडून राहिला. माझ्या हातात कधी राहत नाही. त्यांनी कण्यावरून बोट फिरवलं. मग पोट वर करून परापाशी बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, हा पर जन्मापासून नाही असं नाही. कात्रीने कापलाय, अगदी मुळापासून. टोक कापलं असतं तर परत आला असता. खूण म्हणून असं करतात. हा नदीत जन्मलेला मासा नाही, कोणीतरी वाढवून सोडलेला आहे.

कॅप्टन छताकडे पाहत होते. छतावर पाहण्यासारखं काही नाही.

मग बाईंनी विचारलं, लहानपणी याला काय खायला घातलं होतं, काही कल्पना? त्या कोणाला विचारत होत्या कोण जाणे. मी म्हटलं, "पीठ आणि बिस्किटांचा चुरा. पण मोजून. एक वेळ चुकवली नाही."

त्या म्हणाल्या, "मोजून दिलंत हो. पण जे लागतं ते त्यात नव्हतं. हाडं धरायच्या वयात नाही मिळालं की कणा असा होतो. नंतर कितीही द्या, सरळ होत नाही."

आवाज अजिबात चढला नाही. चढला असता तर मी उत्तर दिलं असतं.

टबातल्या माशापलीकडचं त्यांनी आणखी काही सांगितलं नाही. जाताना म्हणाल्या, कारखान्याचं पाणी नियमित तपासलं जातं, तरी पुन्हा तपासू. आणि याला आता नदीत सोडा, इथे उगाच हाल होतायत. कॅप्टनने कडी काढून खिशात टाकली. क्लबची मालमत्ता नाही, तरी मी काही बोलले नाही.

२५ फेब्रुवारी

बाई वयाने लहान आहेत. पुस्तकी ज्ञान. वरून दबावही असू शकतो.

केमिस्ट जिन्यात भेटला. व्हिटॅमिनच्या गोळ्यांची एक बाटली हातात दिली आणि म्हणाला, काकू, तुमच्यासाठी आहेत, अशक्त दिसताय. हा टोमणा आहे की नाही हे ठरवता आलं नाही. दोन घेतल्या.

२८ फेब्रुवारी

वजन केलं नाही.

मासा हातात धरला आणि पर जिथे संपतो तिथे पट्टी लावली. शंका नको म्हणून. कड तंतोतंत सरळ आहे. विषाने एवढी सरळ रेघ येत नाही. ह्यांच्या हाताला तर मुळीच येत नाही.

हात माझाच आहे. मुळापासून कापलं, कारण अर्धवट काम मला आवडत नाही.

फोनवर ह्यांना विचारलं, तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं का? हे म्हणाले, "मीच धरले होते ना मासे." मग विचारलं, बोलला का नाहीत? हे म्हणाले, तिला भूक लागलीय, गॅसवर दूध आहे, ठेवतो.

२ मार्च, रविवार

मासा सोडला. कॅप्टनच्या गाडीतून बादली मांडीवर घेऊन गेले. क्लबातलं कोणी आलं नव्हतं. निदान समोर तरी दिसलं नाही.

पाटीवर कोणीतरी खडूने वाकडा मासा काढलाय. हात चांगला आहे. बाक अचूक आलाय, डावा परही काढलेला नाही. कॅप्टनने विचारलं, पाटी काढायची का? मी म्हटलं, खडू आहे, पावसाने जाईल. ते म्हणाले, मी पाटीचं विचारतोय.

पायरीवर बसून बादली पाण्यात आडवी केली. मासा बाहेर आला आणि डावीकडून फिरू लागला. एक फेरी, दुसरी, तिसरी. समोर अख्खी नदी आणि हा टबाएवढ्याच जागेत. कॅप्टन म्हणाले, कळेल त्याला हळूहळू. मी चपला काढल्या, पाण्यात उतरले आणि पायाने पाणी ढवळलं. जा म्हटलं. तेव्हा गेला. सरळ गेला असं म्हणता येणार नाही.

कॅप्टनने हात धरून वर ओढलं. साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती. परत येताना ते म्हणाले, वहिनी, आता जा लेकीकडे. मी म्हटलं, बॅग भरलेली आहे. बोलावलं की निघते. ते बोलावतील हो म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

६ मार्च

संकल्प : पाटी उतरवणे. वर्तमानपत्राला दुसरं पत्र. मॅनेजरला उत्तर.

पाटी उतरवायला गेले. स्क्रू गंजलेत. पत्राला सुरुवात केली. ‘महोदय’ झालं.

११ मार्च

बॅग उघडून पुन्हा भरली. वजनकाटा काढला. पट्टी काढली. तक्ता काढला. बॅग अर्धी रिकामी झाली. मग काटा परत ठेवला, कारण बॅग रिकामी बरी दिसत नाही. मग पुन्हा काढला.

लेकीला फोन केला. वजनाचं विचारलं नाही. त्यामुळे बोलायला काही सुचेना. तिलाही. हवा कशी आहे विचारलं. म्हणाली, खिडकीत ऊन येतं. मी म्हटलं, पाठ शेकायला बरं. ती म्हणाली, हो, बरं वाटतं. फोन तिने लगेच ठेवला नाही. मीही नाही.

१९ मार्च

टब घासून घेतला. वास अजून थोडा आहे. आज त्यात बसून आंघोळ केली. पाय लांब होत नाहीत. पाठ वाकवूनच बसावं लागतं. एवढी वर्षं कधी लक्षात आलं नव्हतं, कारण त्यात मी कधी बसलेच नव्हते.

केस पुसत होते तेवढ्यात ह्यांचा फोन. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

पहिलाच प्रश्न मी विचारला. तोंडातून निघून गेला. हे म्हणाले, बरी आहे. मी म्हटलं, बरी म्हणजे किती? म्हणाले, बरी आहे. मी म्हटलं, दवाखान्यात काट्यावर ठेवलं असेलच, आकडा असेलच. तेव्हा ते आवाज खाली आणून म्हणाले, "लेकीने सांगितलंय, आईला वजन सांगू नका."

मी विचारलं, मी कधी येऊ? त्यांनी फोनवर हात धरला. पलीकडे काहीतरी बोलणं झालं. मग म्हणाले, थोडे दिवस जाऊ दे. मी विचारलं, थोडे म्हणजे किती, आणि मग स्वतःच म्हटलं, राहू दे.

मागे बाळ रडत होतं. छाती भरून रडत होतं. रडण्यावरून अंदाज बांधता येतो. माझा चुकत नाही. आकडा मनात आला, इथे लिहिलाही, आणि खोडला. खालून दिसतोय म्हणून पुन्हा खोडला.

नातीचं वजन : बरी आहे.